‘फिफ्थ एडिशनला चालेल’ असं छापून स्वतःचं ॲडव्हेंचर विकता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी (फिफ्थ एडिशन, ‘५ई’) तुम्ही ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायला तयार कथा, लिहिलंय, त्याची पीडीएफ विकायचीय, पण खेळाचे नियम वापरले आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख केला तर नोटीस येईल अशी धास्ती वाटतेय.

मी वकील नाही. अशी छोटी पुस्तकं मात्र काढलीत, आणि पहिल्या वेळी मी नको तिथे घाबरलो होतो आणि घाबरायला हवं होतं तिथे बिनधास्त होतो.

नको तिथे म्हणजे नियमांबाबत. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात बोनस मिळवा, समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) बेरीज झाली की घाव बसला, ही पद्धत कॉपीराइटमध्ये बसत नाही. १८७९ साली बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेब लिहिण्याच्या एका पद्धतीबद्दल हेच सांगितलं: पुस्तकातलं लेखन राखीव, त्यात शिकवलेली पद्धत नव्हे. पण एखाद्या स्पेलचं (जादूच्या मंत्राचं) वर्णन शब्दशः उचललंत तर गोष्ट वेगळी. पद्धत कुठे संपते आणि लेखन कुठे सुरू होतं ही रेघ कोणी आखून दिलेली नाही. ती कोर्टात ठरते, आणि कोर्टाचा खर्च आपल्या पीडीएफच्या कमाईतून भागत नाही. म्हणून लायसन्स घ्यायचं, ते भांडण टाळण्यासाठी.

पाचव्या आवृत्तीपुरतं ते भांडण बरंचसं मिटलंय. २००० सालापासून सगळे ओजीएल १.०ए वर (ओपन गेम लायसन्स, म्हणजे खेळाचे नियम वापरायची खुली परवानगी) चालत होते. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या नव्या ओजीएलचा मसुदा बाहेर फुटला. जुनं लायसन्स बंद, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. एवढी बोंबाबोंब झाली की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० खाली खुला केला. हे लायसन्स मागे घेता येत नाही. त्यातला मजकूर जसाच्या तसा घ्या, बदला, विका. बदल केला असेल तर तसं सांगा आणि त्यांनी दिलेलं श्रेयाचं वाक्य छापा. तुमचं स्वतःचं लेखन खुलं करायची सक्ती नाही. नव्या नियमांसाठी २०२५ मध्ये एसआरडी ५.२ ही असाच आला.

मुखपृष्ठाचं उत्तरही त्याच दस्तऐवजात आहे: ‘फिफ्थ एडिशनशी कम्पॅटिबल’ किंवा ‘५ई कम्पॅटिबल’ असं छापायची मुभा त्यात स्पष्ट दिलीय. तेवढंच छापा. खेळाचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क आहेत, आणि सीसी बाय ट्रेडमार्कचा हक्क देत नाही.

इथे एक चूक मी वारंवार पाहतो. ‘असू दे, सुरक्षित’ म्हणून लोक शेवटच्या पानावर ओजीएलही चिकटवतात. ओजीएल हा करार आहे, आणि त्याच्या सातव्या कलमानुसार वेगळी परवानगी नसेल तर दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचं सांगता येत नाही. म्हणजे एरवी कायद्याने कदाचित चाललं असतं तेही सही करून सोडून द्यायचं. मेफेअर गेम्सचं असंच झालं. ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सला चालणारी पुस्तकं ते काढत. नाव कसं छापायचं याचा १९८४ मध्ये टीएसआरशी, म्हणजे खेळाच्या तेव्हाच्या मालक कंपनीशी, करार केला, आणि पुढे खटला उभा राहिला तो त्या करारातल्या अटी मोडल्याचा. १९९३ च्या निकालात काही पुस्तकांबाबत अटी मोडल्याचं ठरलंही.

आता घाबरायची जागा: नावं. माझ्या पहिल्या ॲडव्हेंचरचा शेवटचा खलनायक माइंड फ्लेअर होता. मला वाटलं, गॉब्लिनसारखाच असेल लोककथेतला कोणीतरी. तो लोककथेतला नाही, त्या खेळातच जन्मलेला आहे. बिहोल्डरही तसाच. प्रूफ वाचणाऱ्या मित्राच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, पण शेवटचा अख्खा भाग नव्याने लिहावा लागला. गंमत म्हणजे टीएसआरवरही हीच वेळ आली होती: टोल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर १९७० च्या दशकात त्यांचे हॉबिट हाफलिंग झाले. माझी आताची कसोटी सोपी आहे. एसआरडीत त्या मॉन्स्टरचा पूर्ण स्टॅट ब्लॉक (त्याच्या ताकदीच्या आकड्यांचा तक्ता) असेल तर घ्यायचा. नुसतं नाव कुठेतरी सापडलं तर सोडून द्यायचं.

कथा विझार्ड्सच्याच फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात घडवायची असेल तर डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानावर जा. तिथे ते जग वापरता येतं, पण लेखकाला ५० टक्के मिळतात आणि ते पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. मला तो सौदा पटत नाही. नवं गाव रचायला असे किती दिवस लागतात?

नकाशे आणि चित्रं तपासलीत ना? फुकट मिळालेल्या नकाशाखाली ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर विक्रीच्या पीडीएफमध्ये तो चालणार नाही.