शाकुहाची हातात घेतलीत? आधी ‘रो’ लावा

‘शिका नो तोने’ ऐकून तुम्ही शाकुहाची या जपानी, बांबूच्या फुंकवाद्याकडे वळलात, हे समजू शकतो. पण हरणांच्या सादेची ती रचना पहिल्या वर्षी घेऊ नका. आधी फक्त ‘रो’. पाचही छिद्रं बंद, एक श्वास, एक सूर, रोज पंधरा मिनिटं. आपल्याकडे खर्ज भरतात ना, तसंच. सुरुवातीला नुसती हवा येईल. चक्कर आली तर थांबा.

मग ‘मेरी’, म्हणजे हनुवटी खाली घेऊन सूर उतरवणं. बासरीवाल्यांचा सगळा भरवसा बोटांवर असतो. इथे खरं काम मान करते. ‘त्सु मेरी’, म्हणजे असा उतरवलेला ‘त्सु’ सूर, लागायला मला दोन वर्षं गेली, पण होनक्योकूचा, म्हणजे शाकुहाचीच्या जुन्या एकल रचनांचा, जीव त्याच दबक्या, अंधूक सुरात आहे.

रो-त्सु-रे-चि-री ही सुरांची अक्षरं लवकर ओळखीची होतात. श्वास किती लांबवायचा, हे मात्र कागदावर नसतं. किन्को कुरोसावा यांनी अठराव्या शतकात कोमुसो, म्हणजे शाकुहाची वाजवत फिरणाऱ्या झेन भिक्षूंच्या 36 रचना जमवल्या. आजही त्या गुरूसमोर बसूनच शिकतात. एकच परंपरा धरा. मी तीन ठिकाणांहून उचलत बसलो आणि सगळं पुन्हा शिकावं लागलं. पहिली रचना ‘होन्ते चोशी’ घ्या.