वीकन प्रश्नात शेवटच्या दोन पर्यायांतून बरोबर कोणता हे कसं ठरवायचं?

जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेतल्या वीकन प्रश्नात, म्हणजे दिलेला युक्तिवाद कोणत्या पर्यायानं कमकुवत होतो हे विचारणाऱ्या प्रश्नात, पाचपैकी तीन पर्याय तुम्ही सहज बाद करता, पण उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा निवडता, असं तुम्ही लिहिलंय. याचं कारण बहुतेक वेळा पर्यायांत नसतंच. निष्कर्ष घाईत वाचला जातो आणि मग "विरोधात वाटणारं" कुठलंही वाक्य बरोबर वाटायला लागतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते.

"तालुक्यातल्या 40 शेतकऱ्यांनी हवेशीर कांदाचाळ बांधली. त्यांचा साठवलेला कांदा 15 टक्के सडला, बाकीच्यांचा 40 टक्के. तेव्हा बाकीच्यांनीही अशी चाळ बांधली तर त्यांची सड बरीच कमी होईल."

(अ) चाळीचा खर्च बहुतेक शेतकऱ्यांना परवडत नाही.
(ब) चाळवाल्यांनी रब्बीचा कांदा साठवला होता, बाकीच्यांचा बहुतांश कांदा खरिपाचा होता.
(क) नव्या चाळीतही काही कांदा सडलाच.
(ड) हवा खेळती राहिली की कांद्यातला ओलावा कमी होतो.
(इ) चाळवाल्यांनी आपला कांदा बाकीच्यांपेक्षा महिनाभर उशिरा विकला.

'ड' उघडच युक्तिवादाला बळ देतो. 'क' निष्कर्षाशी भांडतच नाही, कारण सड "कमी होईल" एवढाच दावा आहे, "थांबेल" असा नाही. तोच निष्कर्ष "चाळीत कांदा सडतच नाही" असा असता, तर 'क'मधल्या "काही" या एका शब्दानं तो पडला असता. म्हणून "काही" दिसलं की पर्याय खोडायचा, ही क्लासमध्ये पाठ करून घेतलेली युक्ती कृपया सोडून द्या.

'इ' फसवा आहे. उशीर म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटतं. पण महिनाभर जास्त ठेवूनही कांदा कमी सडला, म्हणजे चाळीची बाजू उलट भक्कमच झाली.

उरले 'अ' आणि 'ब', आणि बहुतेक जण इथेच अडकतात. 'अ' व्यवहारात अगदी खरा मुद्दा आहे, म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण निष्कर्ष "बांधली तर" असा आहे. परवडत नसलं तरी, बांधली तर सड कमी होईल हे विधान जागच्या जागी राहतं. निष्कर्ष "चाळ बांधणं फायद्याचं आहे" असा असता, तर 'अ'चा विचार करावा लागला असता. 'ब' मात्र पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधल्या दुव्यावर घाव घालतो. खरिपाचा कांदा मुळातच कमी टिकतो, मग 15 आणि 40 मधला फरक चाळीमुळे पडला की कांद्यामुळे? दोन्ही गटांचा कांदा सारखाच होता, हे गृहीतक न सांगता धरलेलं होतं, ते 'ब'नं उघडं पाडलं.

इथे लक्षात घ्या, 'ब'नं निष्कर्ष खोटा ठरवलेला नाही. चाळीचा थोडा उपयोग होतही असेल. वीकन म्हणजे विश्वास कमी करणं, तेवढं झालं की पुरे. "हा पर्याय पुरेसा सिद्ध करत नाही" म्हणून बरोबर उत्तर सोडून देणारे खूप आहेत. तसंच प्रश्नात "इफ ट्रू" म्हटलेलं असतं, तेव्हा पर्यायातली माहिती खरी धरूनच चालायचं. "असं कुठे असतं का?" हा वाद घालायचा नाही. दिलेल्या पुराव्यावरही शंका घ्यायची नाही. 15 आणि 40 हे आकडे खरेच आहेत, भांडण आहे ते त्यांतून काढलेल्या अर्थाशी.

म्हणून दोन पर्याय उरले की त्यांची एकमेकांशी तुलना करू नका. निष्कर्ष शब्दशः परत वाचा, त्यातला "तर", "सर्व", "मुळेच", "फायद्याचं" असा शब्द हेरा. मग प्रत्येक पर्याय खरा धरून विचारा: "हे असूनही निष्कर्ष तितकाच पटतो का?" पटत असेल तर तो पर्याय बाद.

वर्बल या भाषेच्या विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटांहून जरा कमीच वेळ मिळतो. तरीही अडकलात तर एक उत्तर निवडून बुकमार्क करा आणि पुढे जा. शेवटी वेळ उरला तर त्या विभागातली तीन उत्तरं बदलता येतात. परत आल्यावर आधी पर्याय वाचू नका, निष्कर्ष वाचा.