गोठ्यात राहिलेल्या जनावराला कमी मदत का?

प्रश्न : महासाथीत अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांमधील (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमधील) शेतकऱ्यांना सरकारने पैसे दिले, असे वाचले. ती मदत आपल्या 'पीएम-किसान'सारखी सरसकट होती का? — एक वाचक, बारामती

उत्तर : नाही. 'पीएम-किसान'मध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये ठरलेले असतात. तिथे मात्र २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या योजनेत थेट मदतीसाठी सुमारे १६ अब्ज डॉलर ठेवले गेले आणि रक्कम पीक, जनावर व तारीख पाहून ठरली. अर्ज काउंटीतील कृषी खात्याच्या कार्यालयात करायचा होता. सुरुवातीला ८० टक्केच रक्कम मिळाली, उरलेली नंतर.

खरी खोच तारखेत होती. कत्तलीसाठी पोसलेला बैल १५ एप्रिलपर्यंत विकला असेल, तर २१४ डॉलर. तोच बैल १६ एप्रिलला गोठ्यात उभा असेल, तर अवघे ३३. कत्तलखाने कामगारांच्या आजारपणामुळे बंद पडत असताना, गिऱ्हाईक नाही म्हणून जनावर रोज पेंड खात उभे आहे, अशा पशुपालकाला हा फरक किती झोंबला असेल! सप्टेंबरमधील दुसऱ्या फेरीत शिलकी जनावरामागे ५५ डॉलर मिळाले, पण माझ्या मते पहिल्या फेरीतील अन्याय त्याने पुरता भरून निघाला नाही.