फॉर्म ओपनमधूनच भरायचा का?

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ८९ टक्के होते. इंजिनिअरिंगसाठी क्लास लावला आहे. आम्ही अनुसूचित जातीतले. माझं शिक्षण आणि नोकरी राखीव जागेवर झाली आणि २५ वर्षं ‘कोट्यातला साहेब’ हे ऐकत आलो. म्हणून ठरवलंय की मुलीचा फॉर्म ओपनमधूनच भरायचा. माझ्या वडिलांचा १९४७ चा शाळेचा दाखला लॅमिनेट करून ठेवलाय, तोही आता कुठे काढायचा नाही. फिजिक्समध्ये तिला साठच्या आसपास मार्क पडतात. ओपनचं कटऑफ गाठायला काय करावं?
– एक पालक

उत्तर : तुम्ही पत्र हाताने लिहिलंत, त्यामुळे ईमेलमध्ये दिसली नसती अशी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला तुम्ही ‘जय भीम’ लिहिलंय. मग त्यावर दोन रेघा मारून शेजारी ‘नमस्कार’ केलाय. फिजिक्सच्या साठ मार्कांपेक्षा मला त्या दोन रेघांची काळजी वाटली. तेव्हा कटऑफचा प्रश्न थोडा बाजूला ठेवतो.

तुम्ही जे ऐकलंत त्यावर ‘दुर्लक्ष करायचं हो’ असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं फार सोपं असतं, विशेषतः माझ्यासारख्याला, ज्याला असं काही ऐकावं लागलं नाही. आमच्या वेळी कॉलेजात मेरिट लिस्ट भिंतीवर लागायची आणि नावापुढे प्रवर्ग छापलेला असायचा. स्वतःचं नाव सापडलं की आम्ही पोरं इतरांच्या नावापुढचा रकाना वाचत बसायचो. मीही वाचायचो. चार वर्षं शेजारी बसलेल्या एका वर्गमित्राचे मार्क आज मला आठवत नाहीत. रकाना आठवतो. तो हुशार होता की नाही, हे मी तेव्हा त्या रकान्यावरूनच ठरवून टाकलं होतं. चूक माझी होती. पण त्याची किंमत त्याने मोजली असणार, जशी तुम्ही मोजलीत.

पण आता तुम्ही काय करताय ते बघा. टोमणे मारले तुमच्या सहकाऱ्यांनी. त्यांना द्यायचं उत्तर तुमच्याकडून राहून गेलं आणि ते तुम्ही सतरा वर्षांच्या मुलीकडून लिहून घेताय, तेही फिजिक्सच्या पेपरात. दुसऱ्या मुलाचं कटऑफ चार मार्कांनी हुकलं तर त्याचं कॉलेज हुकतं. तुमच्या मुलीचं हुकलं तर तुमच्या घरात वडिलांची २५ वर्षं हुकणार. एवढं ओझं घेऊन कुणाला गणितं सुटतात? साठ मार्क मला तर बरेच वाटले.

शिवाय ओपनचा शिक्का बसला की टोमणे थांबतात, हेही खरं नाही. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणारी एक मुलगी खुल्या गुणवत्तेवर चांगल्या संस्थेत गेली. हॉस्टेलवर दुसऱ्याच आठवड्यात तिला पूर्ण नाव विचारलं गेलं. मग रँक विचारली, वर ‘कॉमन की कॅटेगरी?’ तिने मोबाइल काढून कॉमन रँक दाखवली. क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, ‘अच्छा, पण फी तर माफच असेल ना?’ ज्याला बोलायचंच असतं त्याला पुढचा मुद्दा सापडतो. खासगी कॉलेजांत एनआरआय कोटा असतो. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये त्याला १५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच्या तर नावातच कोटा आहे, पण त्या जागेवरून डॉक्टर झालेल्याला कुणी ‘कोट्यातला’ म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र आजच काढून टाका, कारण त्यात नुकसान आहे. प्रवर्ग लिहिला की ओपनची जागा गेली, असं तुम्ही धरून चाललाय. ओपन म्हणजे आरक्षण नसलेल्यांचा वेगळा गट नव्हे. त्या जागा सगळ्यांना खुल्या असतात. राज्याची कॅप असो की आयआयटी-एनआयटीची जोसा, या दोन्ही प्रवेशप्रक्रियांत प्रवर्ग लिहिलेल्या विद्यार्थ्याचा विचार आधी गुणवत्तेनुसार खुल्या जागांसाठी होतो. तिथे बसला नाही तर राखीव जागेसाठी होतो. खुल्या जागेवर लागला तर ती राखीव जागांतून वजा होत नाही. आरक्षणावरच्या इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्येच हे स्पष्ट झालंय आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा बजावून सांगितलंय. म्हणजे प्रवर्ग लिहूनही तिला ओपनची जागा मिळू शकते. न लिहिता फक्त दुसरा दरवाजा बंद होतो. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर ‘अहो, ते तेव्हा रागात भरलं होतं’ असं सांगून तो उघडत नाही.

आरक्षण नकोच, असं कुणी ठरवू शकतं. तसं ठरवलेली मुलं मला माहीत आहेत आणि त्यांचा मी आदर करतो. पण ते त्यांनी ठरवलं होतं, त्यांच्या वडिलांनी नाही.

आता पत्राच्या मागच्या बाजूकडे वळतो. पाकीट बंद करण्याआधी ती तुम्ही पाहिली नसावी. तिथे कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय : ‘सर, मला लॉ करायचंय. मला घरी सांगता येत नाही. तुम्ही सांगा.’

सांगितलं.

वकिली म्हणजे कोर्टाबाहेर टेबल मांडून स्टँपपेपर विकणं असं डोळ्यांसमोर येत असेल, तर ज्या चौकटीवरून आपण इतका वेळ बोलतोय तिच्याकडेच बघा. मद्रासमधल्या प्रवेशांचा वाद कोर्टात गेला आणि सरकार हरलं, म्हणून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं कलम १५ (४) आलं. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा कोर्टात ठरली. खुल्या जागेचा अर्थही कोर्टात लागला. तुमच्या आयुष्यातल्या त्या रकान्यावर दोन्ही बाजूंनी जे वाद घालत होते ते वकील होते. तिला तिथे उभं राहावंसं वाटत असेल, तर त्यात मला फिजिक्समधली पळवाट दिसत नाही.

बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, एवढे दोन रस्ते पुरे. क्लॅट डिसेंबरच्या सुमारास होते, तेव्हा चर्चा फार लांबवू नका. क्लासची भरलेली फी गेली असं समजा.

आणि तो दाखला काढा. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि तुमच्याकडचा १९४७ चा आहे. लोक असा कागद शोधायला गावोगावच्या शाळांत खेटे घालतात. तुमचं स्वतःचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याचीही प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. अर्ज तिच्या ज्युनिअर कॉलेजमार्फत आत्ताच करा, समितीकडे महिने लागू शकतात. पुढे कॉलेजात कुणी तिला तुमच्यासारखं ऐकवलंच, तर तिथे समान संधी कक्ष असायला हवा, यूजीसीच्या २०१२ च्या नियमावलीत तशी तरतूद आहे. तुमच्या वेळी तक्रार करायला अशी खिडकी नव्हती. तिला ती कुठे आहे हे पहिल्याच आठवड्यात माहीत असू द्या.

मुली, तुझं काम मी केलंय, आता थोडं तू कर. क्लॅटचा एक जुना पेपर वेळ लावून सोडव आणि पप्पांना दाखव. फिजिक्सच्या टेस्टचे मार्क लागतात त्या दिवशी नको.