गाळ फेकू नका, पण धुऊही नका

तुमचा प्रश्न असा आहे: घरी केलेली पहिली २० लिटर पेल एल (फिकट रंगाची, उबदार तापमानात आंबणारी बिअर) काल बाटल्यांत भरली, फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तळाशी यीस्टचा दोन बोटं जाड फिकट गाळ उरलाय आणि तो फेकवत नाही. पुढच्या बिअरला तो चालेल का, धुऊन घ्यायचा का, आणि बरणीत किती दिवस टिकेल? आधी थेट उत्तरं देतो. चालेल. धुऊ नका. दोन आठवड्यांच्या आत वापरा. आता सविस्तर, कारण धुण्याची काळजी सगळ्यांनाच असते, पण घोटाळे होतात ते दुसरीकडेच.

धुणं म्हणजे उकळून गार केलेलं पाणी गाळावर ओतायचं, हलवायचं आणि वीसेक मिनिटं थांबायचं. जड कचरा खाली बसला की वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बरणीत काढायचं. मग पुन्हा तेच. शेवटी फ्रिजमध्ये स्वच्छ पाण्याखाली पांढरंशुभ्र यीस्ट बसलेलं दिसतं आणि फार समाधान वाटतं. मी चार वर्षं हे नेमानं केलं. मग एकदा एकाच फर्मेंटरमधला गाळ दोन बरण्यांत घेतला. एक धुतली, दुसरी आहे तशी ठेवली. तीन आठवड्यांनी दोन्हींतून सारखंच यीस्ट सारख्याच वॉर्टमध्ये (मोड आणलेल्या जवाचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी, जे आंबवून बिअर होते) घातलं. न धुतलेल्या यीस्टवर सहा तासांत फेस आला. धुतलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी जागं झालं. एका प्रयोगावरून नियम काढू नये हे मान्य, पण त्यानंतरच्या प्रत्येक बरणीनं मला तेच दाखवलंय.

कारण समजायला अवघड नाही. तयार बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५, म्हणजे ती आम्लधर्मी असते, तिच्यात अल्कोहोल असतं, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडू द्रव्यं असतात. अशा ठिकाणी बहुतेक जंतूंना जम बसवता येत नाही. तुम्ही पाणी घालता तेव्हा हे संरक्षण काढून टाकता. शिवाय प्रत्येक वेळी ओतताना बरणीचं तोंड उघडं पडतं, आणि खाली राहिलेल्या 'कचऱ्या'बरोबर बरंचसं चांगलं यीस्टही जातं. उरलेला थोडा ट्रब (हॉप्स आणि प्रथिनांचा चोथा) पुढच्या बिअरमध्ये गेला तर काही बिघडत नाही. यीस्ट त्याच्याच बिअरखाली सुखात राहतं, त्याला तिथेच राहू द्या.

(काही ब्रुअरी आम्लानं यीस्ट धुतात, तो प्रकार वेगळा. फॉस्फोरिक आम्लानं पीएच २ ते २.२ पर्यंत उतरवून, थंड ठेवून, तास-दोन तासांत वापरतात. त्यानं जिवाणू मरतात, रानटी यीस्ट मरत नाही, आणि आपल्या यीस्टलाही त्रास होतो. घरी याच्या वाटेला जाऊ नका. बरणीबद्दल शंका आली तर सरळ नवीन यीस्ट आणा.)

यीस्ट चांगलं निघणार की नाही हे बाटल्या भरायच्या दिवशी ठरत नाही, आधीची बिअर कोणती केली त्यावर ठरतं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (वॉर्टमधल्या साखरेचं माप, नुसतं पाणी म्हणजे १.०००) १.०६० च्या आसपास किंवा खाली, हॉप्स बेताचे, रंग फिकट: अशा बिअरमधून निघालेलं यीस्ट सगळ्यात निरोगी. १.०८० ची स्टाउट केलीत तर तिचं यीस्ट दमलेलं असतं. इतक्या अल्कोहोलमध्ये पेशी खचलेल्या असतात. ते पुढच्या बिअरमध्ये घातलं की आंबणं मध्येच अडतं, गोडी राहते. भरपूर ड्राय हॉप केलेल्या (आंबताना किंवा नंतर वरून हॉप्स घातलेल्या) आयपीएच्या, म्हणजे हॉप्सचा मारा असलेल्या एलच्या, तळाशी तर यीस्टपेक्षा हिरवा चोथाच जास्त. म्हणून क्रम असा लावा: आधी हलकी, मग मध्यम, शेवटी जड किंवा हॉप्सची, आणि त्या शेवटच्या बिअरचा गाळ टाकून द्या. तुमची पेल एल या हिशेबात अगदी योग्य आहे.

आता काढायचं कसं. बाटल्या भरताना तळाशी अर्धा-पाऊण लिटर बिअर मुद्दाम मागे ठेवायची. रुंद तोंडाची काचेची बरणी, तिचं झाकण, फर्मेंटरचं तोंड, आपले हात, सगळं सॅनिटायझरनं ओलं. मग फर्मेंटर दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवायचा. आधी काहीच होत नाही, थर चिकटून बसलेला असतो. मग कडेनं तडा जातो, जाडसर तुकडे सुटतात, आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर सगळं एकजीव होऊन पातळ लापशीसारखं वाहायला लागतं. ते एका धारेत, न थांबता बरणीत ओतायचं. बरणी पाऊणच भरायची. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, थर लागलेले दिसतील: अगदी खाली तपकिरी-करडा कचरा, त्यावर जाड, साईच्या रंगाचा पट्टा, आणि सगळ्यात वर बिअर. तो मधला पट्टा म्हणजे आपलं यीस्ट.

काही जण याच्या पुढे जाऊन फक्त अगदी वरचं किंवा फक्त अगदी खालचं यीस्ट घेतात. तसं दरवेळी करू नका. जे लवकर तळाशी बसतं ते साखर पूर्ण संपायच्या आत बसणारं असतं. फक्त तेच निवडत गेलात तर पाचव्या बिअरला गोडी राहायला लागेल. जे सगळ्यात उशिरा बसतं ते निवडत गेलात तर बिअर निवळायलाच तयार होणार नाही. आपण नकळत निवड करत असतो. एल जातीची काही यीस्टं आंबताना वर येतात, त्यांच्याबाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरचा फेस पळीनं काढून घेता येतो. पहिला तपकिरी, कडू मळ टाकायचा आणि त्यानंतर येणारा पांढरा, घट्ट फेस घ्यायचा. यापेक्षा स्वच्छ यीस्ट घरी मिळत नाही. पण नवख्या माणसानं आंबणाऱ्या बिअरचं झाकण उघडू नये असं माझं मत आहे, म्हणून तुम्हाला तळाचाच गाळ सुचवतोय.

बरणीचं झाकण घट्ट लावू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. यीस्ट फ्रिजमध्येही पूर्ण झोपत नाही, थोडी साखर उरलेली असते, वायू तयार होत राहतो. माझी एक बरणी घट्ट झाकण लावून बारा दिवस राहिली होती. उघडायला गेलो तर आधी शिट्टीसारखा आवाज, मग अख्खी स्लरी (यीस्टचा पातळ गाळ) फेसाळत हातावरून फरशीवर. काच फुटली नाही हे नशीब, फुटू शकते. झाकण सैल ठेवा किंवा तोंडाला निर्जंतुक केलेली फॉइल गुंडाळा. बरणी फ्रिजच्या आतल्या खणात मागे ठेवा, १ ते ४ अंश सेल्सिअसला. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. आणि फ्रीझरमध्ये तर नकोच. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात. ग्लिसरीन घालून गोठवतात ते तंत्र वेगळं.

किती घालायचं? एलसाठी रूढ प्रमाण आहे दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (हेही साखरेचंच माप) साडेसात लाख पेशी. लागरला (थंडीत आंबवायच्या बिअरला) त्याच्या दुप्पट. तुमची पुढची बिअर २० लिटर आणि १.०५० ग्रॅव्हिटीची धरली, तर ते म्हणजे साधारण १२.४ अंश प्लेटो. गुणाकार केला की १८६ अब्ज पेशी येतात. नीट बसलेल्या, थोडा कचरा असलेल्या दाट स्लरीत एका मिलिलिटरला एक ते दीड अब्ज पेशी धरतात. म्हणजे ताज्या स्लरीचे १५० ते २०० मिलिलिटर पुरतात. आठवडा उलटला असेल तर २५० च्या आसपास घ्या. महिना झाला असेल तर आधी छोटा स्टार्टर करून (थोड्याशा वॉर्टमध्ये यीस्ट वाढवून) जिवंत आहे का ते पाहा. सूक्ष्मदर्शक आणि मिथिलीन ब्लू असेल तर फारच उत्तम: मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी बिनरंगी राहतात. पण त्यावाचून कुणाचं अडत नाही.

नवी बिअर सरळ जुन्या फर्मेंटरमध्येच, सगळ्या गाळावर ओतायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. एलला ते करू नका. तो अख्खा थर गरजेच्या तीन-चार पट असतो. यीस्ट फारसं वाढतच नाही, बरेच सुगंध त्या वाढीतून येतात ते येत नाहीत, आंबणं इतकं झपाट्यानं होतं की तापमान हाताबाहेर जातं. वर न घासलेल्या फर्मेंटरचा जुना मळ आहेच. एखाद्या जड बिअरसाठी मी कधीतरी करतो, एरवी नाही.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. पाकिटातल्या सुक्या यीस्टला पहिल्या वेळी वॉर्टमध्ये हवा घालायची फारशी गरज नसते, कारण बनवतानाच त्याच्या पेशींत स्टेरॉल (पेशीच्या आवरणाला लागणारं मेदद्रव्य) भरपूर साठवलेलं असतं. तळाहून काढलेल्या यीस्टचा तो साठा आधीच्या बिअरमध्ये वाटला गेलेला असतो, आणि तो पुन्हा भरायला त्याला प्राणवायू लागतो. त्यामुळे पहिल्या वेळी वॉर्ट न हलवता छान आंबलं म्हणून दुसऱ्या वेळीही तसंच कराल तर अडकाल. गार झालेलं वॉर्ट यीस्ट घालण्याआधी पाच मिनिटं जोरात घुसळा. एकदा आंबणं सुरू झालं की मात्र हवा अजिबात नको.

आता पिढ्यांचा प्रश्न, म्हणजे एकच यीस्ट एकामागून एक किती बिअरांत फिरवायचं. ब्रुअरीत साधारण पाच ते दहा पिढ्या चालवतात. मी घरी पाचवर थांबतो. यीस्ट 'म्हातारं' होतं म्हणून नव्हे, तर बाहेरचे पाहुणे साठत जातात म्हणून. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचे संस्थापक याकोब्सेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकहून यीस्ट कोपनहेगनला नेलं. वाटेत प्रत्येक मुक्कामी भांड्यावर गार पाणी ओतत नेलं असं सांगतात. तेच यीस्ट वर्षानुवर्षं फिरत राहिलं आणि पुढे त्यांच्या बिअरला नको ती चव यायला लागली. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शोधून काढलं की त्यात रानटी यीस्ट मिसळलं आहे, आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट ब्रुअरीला दिलं. आपल्या बरणीत नेमकं तेच घडतं, फक्त लहान प्रमाणावर.

माझ्याकडे ते चौथ्या पिढीत घडलं. बिअर तीन आठवडे उत्तम होती. सहाव्या आठवड्यात बाटली उघडली तर फेस थांबेना, चव पाण्यासारखी कोरडी, मागे लवंगेचा वास. मी बरणीला दोष देत होतो. मग फर्मेंटरची प्लास्टिकची तोटी पहिल्यांदाच पूर्ण सुटी केली. फिरणाऱ्या भागाच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, तपकिरी बुळबुळीत थर होता. तोटीतून ओतलेली प्रत्येक स्लरी त्याच्यावरून गेली होती. तेव्हापासून तोटी दरवेळी सुटी करतो, आणि यीस्ट तोटीतून कधीच काढत नाही, वरच्या तोंडातूनच ओततो.

सेझॉनची (बेल्जियन धाटणीच्या कोरड्या एलची) काही यीस्टं डायस्टॅटिकस प्रकारची असतात. इतर यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनंही (साखरेच्या लांब साखळ्या) ती हळूहळू खातात. ती दुसऱ्या बिअरमध्ये शिरली तर बाटल्यांतला दाब महिनोन्‌महिने वाढत जातो आणि बाटल्या फुटतात. अशा यीस्टच्या नळ्या आणि बरण्या वेगळ्याच ठेवा.

तुम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदाच बिअर करत असाल तर तळाचा गाळ साठवण्यापेक्षा दुसरी पद्धत बरी. स्टार्टर गरजेपेक्षा मोठा करायचा. लिटरला १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क घेतला की ग्रॅव्हिटी १.०३७ च्या आसपास येते. असे दोन लिटर करा, आंबू द्या, हलवून पाव भाग बरणीत काढा आणि बाकीचा बिअरमध्ये घाला. बरणीतल्या यीस्टनं ना हॉप्स पाहिलेले असतात ना जास्त अल्कोहोल. पुढच्या वेळी त्यातूनच पुन्हा स्टार्टर. मात्र स्टार्टरचं वॉर्ट लागेल तेव्हाच उकळा. उकळून, बाटलीत बंद करून, बाहेर कपाटात साठवू नका: बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत, त्याला प्रेशरखाली १२१ अंश लागतात.

आता तुमच्या फर्मेंटरकडे. काल भरलंय, झाकण बंद होतं आणि गाळावर थोडी बिअर आहे, तर अजून उशीर झालेला नाही. आज रात्रीच काढा. आधी ती वरची बिअर चमचाभर चाखा. आंबट किंवा विचित्र लागली तर गाळ टाकून द्या. चांगली लागली तर वास घ्या: ताज्या पावासारखा आणि बिअरचा यायला हवा. जळक्या रबराचा, सडक्या मांसाचा किंवा व्हिनेगरचा आला तर विषय संपला. सगळं ठीक असेल तर बरण्यांत ओता, झाकणं सैल ठेवा, आणि प्रत्येक बरणीवर पट्टी चिकटवून लिहा: यीस्टचं नाव, तारीख, कोणत्या बिअरमधून काढलं, पिढी पहिली.