वाचकांचे प्रश्न : सुनेच्या माहेरची शेतजमीन

प्रश्न : आमचा मुलगा सिंगापूरला नोकरी करतो. तो भारतीय नागरिक आहे. सून मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यातल्या, देलांगूजवळच्या एका लहानशा शेतकरी गावातली असून ती इंडोनेशियन नागरिक आहे. पुढे दोघांचा सुनेच्या गावीच स्थायिक होण्याचा विचार आहे. सुनेचे वडील घरालगतचे पाव हेक्टर भातखाचर विकत आहेत. आम्ही निवृत्तीच्या रकमेतून ते घेऊन द्यावे का? गुंतवणूक म्हणून ते कसे ठरेल, आणि अशा गावात आमच्या मुलाचे आयुष्य कसे जाईल?
— एक दांपत्य, सातारा

उत्तर : ही जमीन आपल्या किंवा आपल्या मुलाच्या नावावर होऊ शकत नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत भूमी कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क, ज्याला तिकडे ‘हाक मिलिक’ म्हणतात, तो तिथल्या नागरिकांपुरताच ठेवला आहे. जमीन सुनेच्याच नावावर होईल आणि ती मनापासून तिचीच मानावी लागेल. ‘नाव तिचे, जमीन आपली’ असा विचार मनात असेल, तर हा व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सुनेच्या नावावर घेतानाही एक अडचण येते. तिकडच्या 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता पतिपत्नींची सामाईक धरली जाते, म्हणजे परदेशी पतीला त्या जमिनीत आडमार्गाने वाटा मिळतो, आणि म्हणून संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार झालेला नसेल, तर परदेशी व्यक्तीशी विवाह केलेल्या नागरिकाच्या नावे खरेदीखत करायला दस्त करणारे अधिकारी तयार होत नाहीत. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. तिथल्या घटना न्यायालयाच्या 2016 मध्ये जाहीर झालेल्या निकालापासून तो लग्नानंतरही करता येतो. आपल्या मुलाने आणि सुनेने तो केला आहे का, हे आधी विचारा. केलेला नसेल, तर पैसे पाठवण्यापूर्वी तो नोटरीकडे करून रीतसर नोंदवून घ्यावा. सुनेने पुढे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर तिला ही जमीन एका वर्षाच्या आत दुसऱ्याच्या नावे करावी लागेल. तिच्यामागे ती वारशाने आपल्या मुलाकडे आली, तरी हीच मुदत लागू होते. नातवंडांपैकी ज्याचे इंडोनेशियन नागरिकत्व कायम राहील, त्याच्याच नावे ती टिकू शकेल.

आता त्या खाचराविषयी. जावात जमिनीची ढोबळ विभागणी तीन प्रकारांत होते : पाण्याखालचे भातखाचर म्हणजे सावाह, जिरायत म्हणजे तेगालान, आणि घराभोवतीचे परसबाग असलेले आवार म्हणजे पेकारांगान. सावाहवर दोन बंधने आहेत, आणि ती आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातात. पहिले असे की, 1961 च्या जमीन सुधारणा नियमांनुसार शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात, निदान कसता येईल इतक्या जवळच्या शेजारच्या तालुक्यात, राहणे अपेक्षित आहे. शहरातल्या माणसांनी कुळांच्या जिवावर शेते धरून ठेवू नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात हा नियम अनेक ठिकाणी धाब्यावर बसवला जातो हे खरे. पण सिंगापूरला राहणाऱ्या सुनेने आज सावाह घेणे म्हणजे नियमाविरुद्ध पाऊल टाकणे होय. दुसरे बंधन 2009 च्या अन्नधान्य-जमीन संरक्षण कायद्याचे. संरक्षित म्हणून नोंदलेल्या खाचरावर घर बांधता येत नाही. स्थानिक लोक याला ‘हिरवा पट्टा’ म्हणतात आणि वस्तीच्या भागाला ‘पिवळा पट्टा’. जमीन कोणत्या पट्ट्यात आहे, हे जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयातून लेखी घ्यावे, दलालाच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

उत्पन्नाचा हिशेबही पाहू. 2025 मध्ये सरकारने काढणीच्या भाताचा खरेदी दर किलोला 6,500 रुपिया ठरवला. हेक्टरी साडेपाच टन उतारा धरला, तर पाव हेक्टरातून एका हंगामात सुमारे पावणेचौदाशे किलो भात, म्हणजे जवळपास 90 लाख रुपिया हाती येतील. आपल्या पन्नास हजार रुपयांच्या आतच. मालक गावात नसेल, तर जमीन ‘मारो’ पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने, दुसऱ्याला कसायला द्यावी लागते आणि त्यातले निम्मे जाते. वर्षाला दोन, पाटाचे पाणी चांगले असेल तर तीन पिके निघतात, पण क्लातेनच्या भागात उंदीर आणि तपकिरी तुडतुडे एखादे पीक पूर्ण खाऊन टाकतात. जावातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी जमीन आहे आणि त्यांची मुले कारखान्यांत किंवा शहरांत जात आहेत, त्याचे कारण या आकड्यांतच दिसते.

किमतीची गोष्ट वेगळी आहे. योग्याकार्ता ते सुराकार्ता विजेवरची लोकल 2021 पासून देलांगूला थांबते, आणि 2024 मध्ये सुराकार्ताकडून क्लातेनपर्यंतचा जलदगती मार्ग खुला झाला. यामुळे वस्तीच्या जमिनीला मागणी आहे, पण हिरव्या पट्ट्यातल्या खाचराला तो भाव मिळेल असे गृहीत धरू नये.

म्हणून माझा सल्ला असा : सावाह सुनेच्या वडिलांकडे किंवा गावात राहणाऱ्या तिच्या भावंडांकडे राहू द्यावे, आणि घर बांधण्याजोगे आवार मिळत असेल तर त्याचा विचार करावा. कागद पाहताना विशेष काळजी घ्या. बऱ्याच गावांत आजही जमीन आजोबांच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या ‘लेटर सी’ वहीत किंवा ‘गिरिक’ या जुन्या करपावतीवर असते. आपल्याकडे सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, तसेच हे. 2021 च्या नियमाने अशा जुन्या कागदांच्या नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती फेब्रुवारी 2026 मध्ये संपली असून आता ते मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे राष्ट्रीय भूमी कार्यालयाचे प्रमाणपत्र हवेच, आणि त्याआधी सर्व वारसांच्या सह्या. घरात भावंडे असतील, तर त्यांना समोर बसवून बोलणे घडवून आणावे. जावात मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा ही रीत आहे, समान वाट्याचीही आहे, आणि कोणती चालेल हे ते कुटुंबच ठरवते. परदेशातल्या व्याह्यांच्या पैशाने एका बहिणीला सगळे मिळाले, ही सल पिढ्यान्‌पिढ्या राहते. व्यवहारात खरेदीदाराला साधारण पाच टक्के आणि विक्रेत्याला अडीच टक्के कर भरावा लागतो.

आपल्या मुलाच्या आयुष्याविषयी मला अधिक आशा वाटते. नागरिकाचा पती म्हणून त्याला वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. पाऊस तिकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो, म्हणजे आपल्या उलट. गाव वाड्यांत, वाड्या शेजारगटांत विभागलेल्या असतात, आणि त्या गटाचा प्रमुख हा पहिला भेटण्याचा माणूस. पाटाचे पाणी वाटून देणाऱ्या ग्रामसेवकाला ‘उलु-उलु’ म्हणतात. त्याचा शब्द शेतकऱ्यांत वजनदार असतो. कोणाकडे लग्न निघाले की बायका दोनचार दिवस आधीपासून स्वयंपाकाला जातात, घर बांधायचे तर शेजारी अंगमेहनतीला येतात, रात्रीच्या गस्तीची पाळी येते, आणि माणूस गेला की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी प्रार्थनेला जमतात. पैसे देऊन यातून सुटका करून घेणारा परदेशी गावात पाहुणाच राहतो; हजर राहणारा जावई मात्र लवकर घरचा होतो. मुलाने इंडोनेशियन शिकावीच, शिवाय वडीलधाऱ्यांशी बोलण्यापुरती आदरार्थी जावानीज शिकावी, कारण तिथे कोणत्या पातळीची भाषा वापरली यावरून माणसाची पारख होते. शाकाहारी असाल, तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भाज्या भरपूर मिळतात, मात्र चटण्यांत कोळंबीचा गोळा असतो, हे आधी विचारून घ्यावे. घर बांधताना काँक्रीटचे खांब आणि पट्टे बांधलेच पाहिजेत. 27 मे 2006 च्या भूकंपात या जिल्ह्यातली नुसत्या विटांची असंख्य घरे कोसळली.

आपण दोघे पर्यटक म्हणून आगमनावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसावर जाऊ शकता आणि तो एकदा वाढवून मिळतो. पैसे देण्यापूर्वी पावसाळ्यातले काही आठवडे तिथे काढून पाहा.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जावात राहतो. अविवाहित आहे. गावातल्या विश्वासू मित्राच्या नावावर जमीन घेऊन खासगी करारपत्र करण्याचा सल्ला एका दलालाने दिला आहे. तो सुरक्षित आहे का?
— एक अभियंता

उत्तर : नाही. 1960 च्या त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे परदेशी व्यक्तीला मालकी देण्यासाठी थेट किंवा आडमार्गाने केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मित्र प्रामाणिक असला, तरी त्याचे वारस करारपत्र मानतीलच असे नाही. तिथे वैध परवान्यावर राहत असाल, तर वापराच्या हक्काने घर घेता येते. हा हक्क प्रथम 30 वर्षांसाठी मिळतो आणि पुढे वाढवता येतो, पण प्रत्येक प्रांतात त्यासाठी घराची किमान किंमत ठरवलेली असल्याने खेड्यातले साधे घर बहुधा त्यात बसत नाही. आपल्यासाठी लेखी भाडेकरार करून तयार घर घेणे योग्य. भाडे बहुधा वर्षाचे आगाऊ मागतात, तेव्हा पहिला करार एकाच वर्षाचा करावा आणि घरमालकाच्या नावाचे प्रमाणपत्र स्वतः पाहूनच सही करावी.