गांधी हत्येच्या खटल्यात सावरकर निर्दोष सुटले, पण कपूर आयोग (हत्येच्या कटाची नंतर चौकशी करणारा सरकारी आयोग) वेगळं म्हणतो, मग नक्की काय मानायचं?

दोन्ही माना, कारण कोर्ट आणि आयोग वेगळ्या पुराव्यावर आणि वेगळ्या मापाने बोलतायत. लाल किल्ल्यातल्या खटल्यात सावरकरांविरुद्ध मुख्य आधार होता माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे, आणि अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा लागतो, तो सावरकरांपुरता मिळाला नाही म्हणून 10 फेब्रुवारी 1949 ला ते सुटले. त्यांचा अंगरक्षक कासार आणि सेक्रेटरी दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी मार्च 1948 मध्येच घेतले होते पण कोर्टात त्यांची साक्षच झाली नाही, ते जबाब कपूर आयोगाने बघितले आणि 1969 च्या अहवालात सावरकर आणि त्यांच्या गटाकडे बोट दाखवलं. आता दादरच्या कट्ट्यावर काय होतं, एक बाजू फक्त निकाल वाचते, दुसरी फक्त आयोगाचं ते एक वाक्य, आणि दोघंही समोरच्याला बायस्ड म्हणतात (आहेतच!). साधी टेस्ट:

- हाच पुरावा तुमच्या आवडत्या नेत्याविरुद्ध असता तर पुरेसा वाटला असता का?
- जबाब कोर्टात उलटतपासणीतून गेलाय का?

फक्त एक लक्षात ठेवा, सुटका म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही एवढंच, आणि आयोग कोणाला दोषी ठरवून शिक्षा देऊ शकत नाही, शिवाय तोवर सावरकर हयात नव्हते त्यामुळे त्यांची बाजू तिथे त्यांच्या तोंडून आलीच नाही.